जुनी ४०७ चढावर बंद पडते आणि पाऊण तास सुरू होत नाही

प्रश्न : वाहनमालक, भांडुप

माझ्याकडे १९९९ सालची टाटा ४०७ आहे. इंजिन ४९७ जातीचे, टर्बो नसलेले, चार सिलिंडरचे आहे आणि डिझेल पंप जुन्या पद्धतीचा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र एलिमेंट (डिझेल दाबणारा दट्ट्या) असलेला लाइन पंप आहे. गाडी वडिलांनी घेतली तेव्हापासून तिचे काम बदललेले नाही. पहाटे तीनच्या सुमारास वाशीच्या बाजार समितीतून भाजी भरायची, ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीपर्यंत यायचे, खाडीवरचा पूल ओलांडून मुलुंडमार्गे भांडुपच्या मंडईत माल उतरवायचा. कागदपत्रे पूर्ण आहेत, फिटनेस दरवर्षी होतो आणि इंजिन ऑइल पीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण जुनी गाडी म्हटली की पहिला सल्ला ती भंगारात काढण्याचाच येतो.

गेल्या दीड महिन्यापासून गाडी भरलेली असताना, वाशीहून निघाल्यावर साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी, उड्डाणपुलाच्या किंवा खाडीपुलाच्या चढावर तिची ओढ एकदम कमी होते, ॲक्सिलरेटर दाबूनही वेग वाढत नाही, इंजिन दोन-तीन गचके देते आणि बंद पडते. त्यानंतर सेल्फ मारला तर तो जोरात फिरतो, बॅटरी उत्तम आहे, पण इंजिन पकडत नाही. पाऊण तास थांबले, हँड पंपाने वीस-पंचवीस वेळा डिझेल ओढले आणि मग सेल्फ मारला की गाडी अशी सुरू होते, जणू काही झालेच नव्हते. वाशीकडे रिकामी जाताना मात्र ती आजवर एकदाही बंद पडलेली नाही.

दोन्ही डिझेल फिल्टर बदलले. एअर फिल्टर साफ केला. फीड पंपाच्या, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या, तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून धुतली. एकदा रबाळ्याजवळ अडकलो असताना तिथल्या पंक्चरवाल्याने फीड पंपाकडे येणारा पाइप सोडवून त्यातून टाकीच्या दिशेने हवा मारली, आणि त्यानंतर गाडी तीन दिवस न कुरकुरता चालली. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. पंपाचे काम करणाऱ्या एका मिस्त्रींनी पंप उतरवून एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह बदलावे लागतील असे सांगितले असून खर्च १८ हजार रुपये आणि चार दिवस सांगितला आहे. चार दिवस गाडी उभी राहिली तर मंडईतले गाळेवाले दुसरा टेम्पो लावतील, म्हणून पंपाला हात लावण्याआधी आणखी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


उत्तर : डिझेल मिस्त्री, कळंबोली

आपण लक्षणे नीट लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझे मत असे की पंप सध्या उतरवू नये. पंपातले एलिमेंट झिजले असतील तर गाडीची ओढ महिनोन्महिने हळूहळू कमी होत जाते, सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो, धूर बदलतो. झिजलेला पंप पाऊण तास विश्रांती घेऊन बरा होत नाही, आणि टाकीकडे हवा मारल्याने तर मुळीच होत नाही. तुमच्या पंक्चरवाल्याने अजाणता अर्धे निदान करून ठेवले आहे.

डिझेल इंजिनाला प्लगची ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा साधारण सतरा पट दाबली जाऊन इतकी तापते की नोझलमधून, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोटीतून, आलेले डिझेल स्वतःच पेटते. त्यामुळे सेल्फ जोरात फिरत असताना चालते इंजिन बंद पडले आणि पुन्हा पकडले नाही, तर दहापैकी नऊ वेळा डिझेल नोझलपर्यंत पोहोचलेले नसते. ते ओळखायला सायलेन्सरकडे पाहावे. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जात आहे पण पेटत नाही, आणि धूर अजिबात नसेल तर डिझेल येतच नाही. आपण धुराबद्दल काही लिहिलेले नाही, तेवढे पुढच्या वेळी पाहावे.

धूर नसेल तर सर्वात आधी, दहा सेकंदांत होणारे काम म्हणून, स्टॉप केबल, म्हणजे इंजिन बंद करण्याची तार, पाहावी. जुन्या गाड्यांत ही तार गंजून अर्धवट ओढलेली राहते आणि पंपाचा लिव्हर बंद स्थितीकडे झुकतो. तसे असेल तर पाने उघडण्याचीही गरज नाही.

ते ठीक असेल तर प्रश्न टाकी ते फीड पंप या टप्प्यात आहे, आणि तिथे दोनच गोष्टी घडू शकतात. एक तर मार्ग कुठेतरी चोंदतो, नाहीतर कुठल्या तरी सांध्यातून हवा आत ओढली जाते. या टप्प्यात डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते, म्हणून पाइपला केसाएवढी चीर असली तरी बाहेर थेंबही दिसत नाही. उलट हवा आत जाते. हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही. पंपात हवेचा बुडबुडा शिरला की एलिमेंट तोच बुडबुडा दाबत बसते आणि नोझल उघडण्यासाठी लागणारा दोनशे बारच्या आसपासचा दाब तयारच होत नाही. यालाच आपण गाडीने एअर घेतली म्हणतो.

या दोन दोषांतला फरक ओळखण्याची जागा म्हणजे हँड पंपाची मूठ. गाडी बंद पडल्याबरोबर, पाऊण तासाने नव्हे, मूठ फिरवून मोकळी करावी आणि वर ओढून पाहावी. ती जड लागली, वर ओढून सोडल्यावर स्वतःहून खाली जाऊ लागली, तर मागे मार्ग चोंदलेला आहे. ती अगदी हलकी, पोकळ लागली आणि फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू ढिला केल्यावर फेस येत राहिला, तर हवा शिरते आहे. आजवर आपण पाऊण तासाने मूठ हलवली, तेव्हा दोष निघून गेलेला होता, म्हणून हाताला काही कळले नाही.


उत्तर : ट्रकमालक, भिवंडी

वरील उत्तर बरोबर असले तरी उष्णतेचा विचार त्यात आलेला नाही, म्हणून लिहितो. माझ्या एका गाडीला असाच त्रास होता : गोदामातून निघताना उत्तम, अर्ध्या तासाने गरम झाली की बंद, आणि थंड झाली की पुन्हा सुरू. तिथे दोष पंपाचाच निघाला. गरम डिझेल पातळ होते, झिजलेल्या भागांतून निसटते आणि सेल्फच्या कमी फेऱ्यांवर दाब तयार होत नाही. तपासण्याचा उपाय साधा आहे. गाडी बंद पडल्यावर गोणपाट किंवा जाड फडके भिजवून पंपावर पाच-दहा मिनिटे टाकावे. तेवढ्याने सुरू झाली तर पंपावर संशय घ्यावा.

शिवाय ऑइलची पातळी पट्टीवर पाहावी. ती वाढलेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाच्या दांड्यामधून डिझेल आत गळत आहे असे समजावे आणि तशी गाडी चालवू नये.

माझी ती गाडी रोटरी पंपाची होती, हे सांगायला हवे.


उत्तर : डिझेल मिस्त्री, कळंबोली

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. रोटरी पंपाचे सगळे अंतरंग डिझेलवरच वंगण घेते आणि त्यातला दाब तयार करणारा भाग सगळ्या सिलिंडरांसाठी एकच असतो, त्यामुळे तो झिजला की गरम अवस्थेत संपूर्ण गाडीच पकडत नाही. लाइन पंपाच्या कॅमला ऑइलचे वंगण असते आणि चार सिलिंडरांना चार एलिमेंट असतात. चारही एकाच चढावर, एकाच मिनिटाला हार मानतील आणि पाऊण तासाने एकदम सावरतील, हे माझ्या अनुभवात बसत नाही. तरीही ओले फडके टाकून पाहण्यास खर्च नाही, जरूर पाहावे. फक्त थंड पाणी तापलेल्या पंपावर थेट ओतू नये. आत बसवलेले भाग मायक्रॉनच्या मापाने जुळवलेले असतात आणि एकदम आकसले तर अडकू शकतात.


प्रश्नकर्ता, भांडुप

दोघांचे आभार. काल पहाटे गाडी ऐरोलीच्या पुलावर चढतानाच बंद पडली. आमचे चालक, ज्यांना मी लहानपणापासून मामा म्हणतो, यांनी चाकामागे लाकडी ठोकळे लावले, मी मागे त्रिकोण ठेवला आणि मग तपासणी केली.

स्टॉप केबल पूर्ण परत येत होती. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर नव्हता. पंपावर ओले फडके दहा मिनिटे ठेवले, फरक पडला नाही. हँड पंपाची मूठ मात्र इतकी जड होती की मामांना दोन्ही हातांनी ओढावी लागली, आणि सोडल्यावर ती हळूहळू स्वतःच खाली गेली. चाळीस मिनिटांनी तीच मूठ दोन बोटांनी वर येऊ लागली. हे पाहिल्यावर पंप उतरवण्याचा विचार मी सोडला आहे.

टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले असावे, अशी शंका एका शेजाऱ्याने घेतली, म्हणून बंद पडल्यावर झाकण लगेच उघडले होते. हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला नाही आणि झाकण उघडे ठेवूनही मूठ जडच राहिली. आता पाइप पाहावा की टाकी उतरवावी?


उत्तर : निवृत्त एस.टी. कार्यशाळा कर्मचारी, ठाणे

टाकी उतरवण्याआधी एक दिवस टाकीशिवाय गाडी चालवून पाहावी. कार्यशाळेत आम्ही वादाचा निकाल असाच लावत असू.

पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्यावा, त्यात गाळलेले डिझेल भरावे, फीड पंपाकडे येणारा जुना पाइप सोडवून त्याऐवजी डिझेलला चालणारा नवा रबरी पाइप थेट कॅनमध्ये सोडावा आणि परतीचा पाइपही त्याच कॅनमध्ये आणावा, नाहीतर परतीचे डिझेल टाकीत जाऊन कॅन लवकर रिकामा होईल. कॅन सायलेन्सरपासून दूर आणि हलणार नाही असा बांधावा. तो टाकीच्याच उंचीला असावा, हे बहुतेक जण विसरतात. कॅन केबिनमध्ये उंचावर ठेवला तर डिझेल स्वतःच्या वजनाने उतरते, फीड पंपाला ओढावे लागत नाही आणि फीड पंप अशक्त असला तरी तो दोष झाकला जातो. परीक्षा घ्यायची तर कठीणच घ्यावी. ही चाचणी थोड्या अंतरावर, गर्दी नसलेल्या रस्त्यावर, वजन भरून घ्यावी; भाजीच्या फेरीवर नव्हे.

कॅनवर गाडी चढ चढली तर फीड पंप, फिल्टर, पंप आणि नोझल हे सगळे निर्दोष सुटले. मग उरतो तो टाकीचा तळ, टाकीतला ओढपाइप आणि तिथून पुढे येणारा पाइप. जुना रबरी पाइप वरून धडधाकट दिसतो, पण आतला थर सुटलेला असतो आणि ओढ वाढली की तो थर झडपेसारखा मिटतो. तो पाइप जुना असेल तर तपासत बसू नये, बदलावा.

आणखी एक गोष्ट, जी कोणी लिहिली नाही. या गाडीच्या ब्रेकला व्हॅक्यूमची मदत आहे. इंजिन बंद पडले की साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा ब्रेक नीट लागतो आणि नंतर पेडल दगडासारखे होते. भरलेली गाडी पुलाच्या चढावर बंद पडते तेव्हा पेडल सारखे दाबू-सोडू नये, एकदाच दाबून धरावे, हँडब्रेक ओढावा, गिअर टाकावा आणि दुसऱ्या माणसाने उतरून ठोकळे लावावेत. मामांना हे ठाऊक असणारच, पण बदली चालक असेल तर त्याला सांगावे.


प्रश्नकर्ता, भांडुप

निकाल लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

रविवारी रेतीच्या गोण्या भरून कॅनवर गाडी चालवली. कॅन टाकीच्या उंचीला, चॅसिसला फळी बांधून त्यावर ठेवला होता. ऐरोलीच्या पुलावरून दोनदा गेलो आणि आलो. गाडीने एकदाही गचका दिला नाही. सोमवारी मंडईला सुट्टी घेतली, बुचातून टाकीतले डिझेल काढले आणि तिच्यातला ओढपाइप वरचे स्क्रू काढून बाहेर घेतला. त्याच्या टोकाच्या जाळीवर काळा बुळबुळीत थर होता, पण जाळी पूर्ण बुजलेली नव्हती, म्हणून क्षणभर निराश झालो. मग टाकी उतरवली, उलटी करून हलवली आणि भरण्याच्या तोंडातून आधी पावशेरभर गंजमिश्रित गाळ आणि नंतर एक तळहाताएवढी चिंधी बाहेर पडली.

चिंधी कुठून आली, याचा उलगडा मामांनी केला. पावसाळ्यात रात्री उभ्या गाडीचे झाकण कोणीतरी चोरून नेले होते आणि नवे मिळेपर्यंत आठ-दहा दिवस तोंडाला चिंध्यांचा बोळा कोंबलेला होता. "एकदा एक बोळा आत गेला होता, पण तळाशी जाऊन पडेल, कापडानं काय होतंय, म्हणून मी दुसरा लावला," असे ते म्हणाले. मी काही बोललो नाही, कारण झाकण आणायला उशीर मीच केला होता.

आता सगळ्या खुणा जुळतात. चिंधी डिझेलमध्ये तरंगत फिरत असे. भरलेली गाडी चढावर चढताना इंजिनाची डिझेलची मागणी वाढे, ओढ वाढे आणि ती जाऊन जाळीवर चिकटे. इंजिन बंद झाले तरी पाइपात राहिलेल्या ओढीमुळे ती काही वेळ तिथेच राही, पाऊण तासात सुटून खाली पडे आणि आम्ही हँड पंप मारून समजत असू की गाडी थंड झाल्यामुळे सुरू झाली. पंक्चरवाल्याच्या हवेने ती टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेली असणार, म्हणून ते तीन दिवस सुखाचे गेले. रिकाम्या गाडीला तेवढी ओढ लागतच नव्हती.

टाकी डिझेलनेच तीनदा धुतली, ओढपाइपची जाळी साफ केली, पुढचा रबरी पाइप आणि सांध्यांचे तांब्याचे वायसर नवे घातले.


उत्तर : डिझेल मिस्त्री, कळंबोली

उत्तम काम झाले. टाकी जोडल्यावर हवा काढताना क्रम चुकवू नये : आधी फिल्टरवरचा स्क्रू, बुडबुडे थांबले की तो बंद करून मग पंपावरचा, आणि तरीही गाडीने पकडले नाही तर दोन नोझलांचे नट अर्धा फेरा ढिले करून सेल्फ मारावा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये मिनिटभर थांबावे. ढिल्या नटासमोर हात अजिबात धरू नये. या दाबाचे डिझेल कातडीतून आत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते आणि तरीही त्याच घटकेला रुग्णालयात जावे लागते.

काळा थर निघाला आहे म्हणजे टाकीत पाणी साचत होते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू वाढतात, त्यांचा तो थर. आपल्याकडच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या पत्र्याला पाणी सुटते, म्हणून शक्य असेल तर रात्री उभी करताना टाकी भरलेली असावी आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा फिल्टरच्या खालच्या बुचातून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून पाहावे. तळाशी पाणी वेगळे दिसते. नवे झाकण कुलपाचे घेतले असेल तर त्याला हवेचे भोक आहे का, तेही पाहावे, नाहीतर शेजाऱ्यांची शंका यंदा नाही तर पुढच्या वर्षी खरी ठरेल.


प्रश्नकर्ता, भांडुप

झाकणाला भोक आहे, फुंकर मारून पाहिले. गाडीला आज बाविसावा दिवस, एकदाही बंद पडली नाही.

पंप उतरवायला सांगणाऱ्या मिस्त्रींना फोन करून काम नको असल्याचे कळवले आणि कारणही सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की चिंधी सुती होती की टेरिकॉटची. मी टेरिकॉटची म्हणालो, तर म्हणाले, मग ठीक आहे. सुती असती तर तिचे धागे सुटून फीड पंपाच्या झडपांत गेले असते आणि तो उघडावाच लागला असता. फोन ठेवल्यावर मी चिंधी पुन्हा नीट पाहिली. तिच्या एका कडेला आतून सुती अस्तर शिवलेले होते आणि ते निम्मे विरलेले होते. उद्या सकाळी माल उतरवला की फीड पंप उघडून झडपा पाहणार आहे.